नौपाड्यातलं फॅक्सवालं झेरॉक्सचं दुकान: पाचपैकी चार

गोखले रोडवरून गल्लीत वळलं की हे दुकान. बोर्ड उन्हाने इतका विटलाय की नाव वाचताच येत नाही. 'झेरॉक्स, लॅमिनेशन, फॅक्स' तेवढं दिसतं. त्या 'फॅक्स'साठीच आम्ही गेलो.

आमची सून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची, अमेरिकन नागरिक. सध्या वर्षभर आमच्याकडे ठाण्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरची निवडणूक यंदा 3 नोव्हेंबरला, त्याआधी 2 जूनला प्राथमिक फेरी. परदेशातून मत द्यायचं तर अर्ज करावा लागतो. अर्ज ई-मेलने चालतो. भरलेली मतपत्रिका मात्र टपालाने, नाहीतर फॅक्सने. एका कुरिअरवाल्याने साडेतीन हजार सांगितले, वर 'पाकिटात नक्की काय?' असं तीनदा विचारलं. म्हटलं, आधी अर्जच फॅक्स करून बघू.

दुकानवाल्या काकांनी मशीनवरचं प्लास्टिक काढलं, धूळ फुंकली. "राज्यपालांची कसली निवडणूक? त्यांना तर राष्ट्रपती नेमतात!" तिथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच धरा, असं सुनेने सांगितलं. गव्हर्नर न्यूसम यांच्या दोन टर्म झाल्या, आता त्यांना उभं राहता येत नाही. कमला हॅरिस यांनी गेल्या जुलैतच नाही म्हटलं. मग डेमोक्रॅटांकडे ही गर्दी: पांढरा फळा घेऊन कंपन्यांच्या साहेबांना हिशेब विचारणाऱ्या केटी पोर्टर, बायडेन यांचे आरोग्यमंत्री हाविएर बेसेरा, लॉस एंजेलिसचे माजी महापौर विलारायगोसा, आणखीही आहेत. रिपब्लिकनांत ठळक दोघेच, टीव्हीवाले स्टीव्ह हिल्टन आणि रिव्हरसाइडचे शेरीफ चॅड बियांको. प्राथमिक फेरीत सगळे पक्ष एकाच मतपत्रिकेवर. पहिले दोन पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात.

काका नुकतेच 15 जानेवारीला महापालिकेचं मतदान करून बसलेले. "म्हणजे यांची मतं फुटली की ते दोघंच फायनलला!" डेमोक्रॅटांना धास्ती आहे ती नेमकी हीच.

आता सेवेचं. बसायला स्टूल नाही, स्कूटर लावायला जागा नाही, पंखा फक्त काकांच्या दिशेने. पहिलं पान त्यांनी उलटं घातलं, म्हणजे पलीकडे कोरा कागद पोचला. दुसऱ्यांदा सुलट गेलं, पोचपावतीची चिठ्ठी निघाली. तीन पानांचे 120 रुपये घेतले, कोऱ्या पानाचे नाही. एक तारा कापलाय तो स्टूलसाठी.

निघताना काकांनी कालनिर्णयवर 2 जूनभोवती गोल केला. तिथे रात्री आठला मतदान संपतं, तेव्हा आपल्याकडे 3 तारखेची सकाळ, साडेआठ. "मी दहाला उघडतो, आठवडाभर आधीच या." मतपत्रिका फॅक्सने पाठवली की मत गुप्त राहत नाही, तशी सहीच करून द्यावी लागते. सुनेने हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मी डोळे मिटून घालीन हो."

"नको काका," सून म्हणाली, "उघडे ठेवून उलटं गेलं."