नवऱ्याला कुणी तपासलंच नाही

मूल होत नाही म्हणून उपचारांना गेलेल्या जोडप्याची फसवणूक पुष्कळदा एका कागदापासून सुरू होते. वीर्यतपासणीचा रिपोर्ट. एका आकड्याला लाल गोल केलेला असतो, शेजारी ‘काउंट कमी’ असा शेरा असतो आणि समोरचा माणूस आवाज खाली आणून सांगतो, “आपोआप राहणं अवघड आहे. आयव्हीएफच करावं लागेल. आज नाव नोंदवलंत तर पॅकेजमध्ये सवलत मिळेल.” तासाभराने दोघं बाहेर पडतात तेव्हा पैसे भरून झालेले असतात. नवरा गप्प असतो, बायको त्याला धीर देत असते. नवऱ्याला टेबलावर झोपवून, उभं करून, हात लावून कुणी तपासलेलं मात्र नसतं. इथून पुढची सगळी लुबाडणूक या न झालेल्या तपासणीवर उभी राहते.

आधी तो कागद नीट वाचू. समजा त्यावर लिहिलंय: एका मिलिलिटरमध्ये 12 मिलियन, म्हणजे 1 कोटी 20 लाख शुक्रजंतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या 2021च्या सहाव्या आवृत्तीत खालची मर्यादा 16 मिलियन आहे, म्हणून लाल गोल. पण त्याच कागदावर वर कुठेतरी वीर्याचं प्रमाण 3.5 मिलिलिटर लिहिलेलं असतं. 12 गुणिले 3.5 म्हणजे 42 मिलियन. एकूण संख्येची मर्यादा 39 मिलियन आहे. म्हणजे एकूण संख्येच्या हिशेबात हा माणूस मर्यादेच्या वरच आहे. हा गुणाकार करून दाखवायला अर्धं मिनिटही लागत नाही, तरी तो केला जात नाही.

या मर्यादा आल्या कुठून तेही माहीत हवं. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांची वीर्यतपासणी करून, त्यांतल्या सगळ्यात खालच्या 5 टक्क्यांची रेघ जिथे आली, ती ही मर्यादा. म्हणजे बाप झालेल्या शंभरातले पाचजण त्या रेघेखालीच होते. रेघेखाली गेलं की मूल होणार नाही, असा तिचा अर्थ कधीच नव्हता.

सगळ्यात जास्त घाबरवलं जातं ते शुक्रजंतूंच्या आकारावरून. “फक्त 3 टक्के नॉर्मल आहेत, 97 टक्के खराब,” हे ऐकून कुणाचेही हातपाय गळतील. पण इथे मर्यादाच 4 टक्के आहे. कडक निकष लावून मोजलं, की ज्यांना मुलं आहेत अशा पुरुषांतही बहुतेक शुक्रजंतू वाकड्या डोक्याचे, दोन शेपट्यांचे निघतात. “अशा शुक्रजंतूंपासून व्यंग असलेलं मूल होईल” असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून यावं. रिपोर्टातल्या या टक्केवारीवरून होणाऱ्या बाळाबद्दल काहीच सांगता येत नाही.

सॅम्पल कसं घेतलं यावरही पुष्कळ काही ठरतं. आधी 2 ते 7 दिवसांचं अंतर हवं. रुंद तोंडाची, प्रयोगशाळेने दिलेली डबी हवी. साधा कंडोम, साबण, तेल, थुंकी, वंगण यांतलं काहीही चालत नाही, त्याने शुक्रजंतू मरतात किंवा मंदावतात. पहिले थेंब सांडले तर तसं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त शुक्रजंतू त्यातच असतात. घरून आणायचं तर अंगाच्या उबेला धरून आणि तासाच्या आत. तपासणी अर्ध्या ते एका तासात सुरू व्हायला हवी, उशीर होईल तशी हालचाल कमी दिसते. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी तीन रकाने बघा: किती दिवसांचं अंतर, सॅम्पल किती वाजता दिलं, किती वाजता तपासलं. हे रकाने कोरे असतील तर ‘हालचाल 25 टक्के’ या आकड्यावर विसंबता येत नाही. दोन-अडीच तास ट्रेमध्ये पडून राहिलेल्या चांगल्या सॅम्पलचाही असाच रिपोर्ट येतो.

शिवाय एकाच माणसाचा काउंट दर खेपेला वेगळा येतो. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, मग बाहेर येईपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे. दोन महिन्यांपूर्वी सणकून ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम आज दिसतो. म्हणून पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी दुसरा करायचा, जमल्यास वेगळ्या प्रयोगशाळेत. एका रिपोर्टवर निदान सांगून पैसे मागणं ही फसवणुकीची पहिली खूण आहे.

पावडर, कॅप्सूल आणि ‘कोर्स’ विकणारे याच तीन महिन्यांचा फायदा घेतात. पहिल्यांदा 12 आलेला काउंट काहीही न करता पुढच्या खेपेला 19 येऊ शकतो. मधल्या काळात पावडर सुरू असेल तर श्रेय पावडरला. काउंट वाढला नाही तर “तुमच्या शरीराला वेळ लागतोय, अजून एक कोर्स करू.” दोन्हीकडून विकणाऱ्याचा फायदा. झिंक आणि फॉलिक अॅसिडची मोठी चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. 2370 जोडपी, पुरुषांना रोज 30 मिलिग्रॅम झिंक आणि 5 मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, सहा महिने. बाळं जन्मण्याचं प्रमाण औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांइतकंच निघालं, पोटाच्या तक्रारी मात्र जास्त. ‘ताकदीच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिलसारखं लिंगाच्या ताठरतेचं औषध न सांगता मिसळलेलं असल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळलं आहे. पुडी घेतल्यावर फरक जाणवला, तर तो बहुधा त्या लपवलेल्या औषधाचा असतो. त्याचा काउंटशी काही संबंध नाही.

यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. “पुरुषी हार्मोन कमी आहे, भरून काढू,” हे ऐकायला पटतं. घडतं नेमकं उलटं. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणाला जाणारे संदेश थांबतात आणि शुक्रजंतू बनणं बंद पडतं. होता तो काउंट शून्यावर येऊ शकतो, आणि परत यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतात. मूल हवं असलेल्या पुरुषाला हे इंजेक्शन द्यायचं नसतं. व्यायामशाळेत मिळणाऱ्या स्टेरॉइडचंही तेच, आणि ते घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

‘पस सेल्स’ हाही असाच एक धंदा. रिपोर्टात गोल पेशी दिसल्या की त्यांना पस म्हणायचं आणि महिनोन्महिने अँटिबायोटिक द्यायची. त्या गोल पेशी पांढऱ्या पेशी असू शकतात, तशाच अर्धवट तयार झालेले शुक्रजंतूही असू शकतात. फरक वेगळी रंगचाचणी करून कळतो. ती केली का, संसर्ग शोधायला कल्चर केलं का, एवढे दोन प्रश्न विचारा.

खरी तपासणी साधी असते. अनुभवी डॉक्टर पुरुषाला उभं करून वृषणांचा आकार बघतात, त्यासाठी वेगवेगळ्या मापांच्या मण्यांची माळ वापरतात. वीर्यवाहिनी हाताला लागते का ते बघतात, कारण काही पुरुषांत ती जन्मतःच नसते. श्वास रोखून जोर द्यायला सांगतात आणि फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, बोटांना जाणवतं का ते पाहतात. पुढे गरजेप्रमाणे सकाळच्या रक्तात एफएसएच, म्हणजे मेंदूकडून वृषणाला संदेश देणारं हार्मोन, आणि टेस्टोस्टेरॉन. मधुमेह आहे का, गालगुंड होऊन गेलं का, हर्निया किंवा वृषणाचं ऑपरेशन झालंय का, कोणती औषधं चालू आहेत, हे विचारतात. एवढ्यातून बरंच काही उलगडतं. दोन्ही हार्मोन्स कमी असली तर तो औषधाने सुधारणारा आजार असू शकतो. वीर्य अगदी थोडं आणि त्यात शुक्रजंतू नाहीत, तर वाट अडलेली असू शकते, किंवा वीर्य उलटं मूत्राशयात जात असेल. ते नंतरच्या लघवीच्या तपासणीत सापडतं. आणि मूल न होणाऱ्या पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिथली लहानशी गाठ हाताने तपासताना सापडते, वीर्याच्या रिपोर्टात ती दिसत नाही. तपासणी गाळणं म्हणजे नुसते पैसे उकळणं नाही, ते याच्यासाठी.

उलट्या बाजूनेही फसवतात. हाताला न लागणारी, फक्त सोनोग्राफीत दिसणारी शीर दाखवून ऑपरेशन गळ्यात मारतात. अशा व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून मूल होण्याची शक्यता वाढत नाही. हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट, दोन्ही असतील तरच त्याचा विचार.

‘शून्य शुक्रजंतू’ असं निदान असेल तर दुप्पट सावध राहा. शून्य म्हणण्याआधी सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासायला हवा, आणि तोही दोन वेळा. मग गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातल्या तुटीची तपासणी. ही शेवटची चाचणी न करता वृषणातून शुक्रजंतू काढण्याचं ऑपरेशन ठरवत असतील तर थांबा. वाय गुणसूत्रावरचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा पूर्ण भाग गेलेला असेल तर ऑपरेशनमध्ये शुक्रजंतू मिळत नाहीत, म्हणून ते करायचंच नसतं. तुटीचं निदान असूनही “तुमचेच शुक्रजंतू मिळाले” असं कुणी सांगितलं तर ते कुणी पाहिले, किती होते, कोणत्या क्रमांकाच्या स्ट्रॉमध्ये, म्हणजे गोठवण्याच्या बारीक नळीत, ठेवले याची लेखी नोंद मागा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सेसिल जेकबसन या डॉक्टरला 1992 साली शिक्षा झाली. निनावी दात्याचं म्हणून त्याने स्वतःचं वीर्य वापरलं होतं. काही बायकांना एचसीजी या गर्भारपणातल्या हार्मोनची इंजेक्शनं देऊन, दिवस राहिले आहेत असंही तो सांगायचा, आणि नंतर गर्भ विरघळला म्हणायचा.

ही दुसरी युक्ती समजून घ्या, कारण तेच इंजेक्शन नेहमीच्या उपचारातही असतं. बीज बाहेर पडावं म्हणून दिलेलं एचसीजी दहा-बारा दिवस रक्तात राहतं आणि तोवर लघवीची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून रक्ततपासणी दोन आठवड्यांनी, आणि 48 तासांनी पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका.

इक्सी, म्हणजे एकच शुक्रजंतू सुईने बीजात सोडणं, ही चांगली पद्धत आहे. 1992 साली ब्रसेल्समधून तिची पहिली बाळं जगासमोर आली आणि अगदी कमी काउंट असलेल्या जोडप्यांना तिने खरोखर मूल दिलं. पण तिचा सगळा भार बायकोवर पडतो, तिच्यात काही दोष नसला तरी. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, सोनोग्राफीच्या खेपा, भूल देऊन बीज काढणं, अंडाशय सुजण्याचा धोका. नवऱ्याची तपासणी गाळून तिला यात ढकलणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. वर ‘खास निवडलेले शुक्रजंतू’ म्हणून जादा पैसे घेतात. त्यातल्या पिक्सी या पद्धतीची 2019 साली 2772 जोडप्यांवर चाचणी झाली. जिवंत बाळांच्या संख्येत खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही.

यशाच्या टक्केवारीतली हातचलाखी अशी. समजा 100 बायकांची इंजेक्शनं सुरू झाली. 30 जणींचा भ्रूण ठेवण्यापर्यंत प्रवासच झाला नाही. 70 जणींना भ्रूण ठेवला, 42 जणींची चाचणी पॉझिटिव्ह आली, 28 जणींना बाळ झालं. जाहिरातीत ‘60 टक्के यश’ छापतात, 70 पैकी 42 धरून. घरी बाळ घेऊन गेल्या 100 पैकी 28. म्हणून प्रश्न असा विचारा: माझ्या बायकोच्या वयाच्या, उपचार सुरू केलेल्या शंभरजणींपैकी कितींना बाळ झालं?

‘पैसे परत’ योजनेचा करार घरी नेऊन वाचा. त्यात ‘यश’ म्हणजे काय लिहिलंय: बाळ, ठोके की नुसती पॉझिटिव्ह चाचणी? औषधं त्यात धरली आहेत का? रद्द झालेली सायकल, म्हणजे उपचाराची खेप, मोजतात का? गोठवलेले सगळे भ्रूण वापरेपर्यंत परतावा नाही, असं बारीक अक्षरात आहे का? आणि आजच्या आज सही करण्याची घाई कशीही लावली तरी ती खोटी असते. घाई खरी असते ती एकाच वेळी: पुरुषाला कर्करोगाची केमो किंवा किरणोपचार सुरू व्हायचे असतील, तर आधी वीर्य गोठवून ठेवायचं. बायकोचं वय 35च्या पुढे असेल तर पावडरीत वर्ष घालवू नये हेही खरं, पण दोन आठवड्यांनी दुसरं मत घेतल्याने काही बिघडत नाही.

पैसे भरून झाल्यावर शंका आली, तर आधी भांडू नका, कागद गोळा करा. तारीख घालून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात मागायचं ते हे: प्रयोगशाळेचे मूळ रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी, सह्या केलेल्या संमतीपत्रांच्या प्रती, बाबवार पावत्या, आणि किती बीजं निघाली, त्यांतली पक्व किती, इक्सी किती बीजांवर, फळली किती, पाचव्या दिवशी किती उरली याचा तक्ता. वीर्याची तपासणी त्यांनी न सुचवलेल्या ठिकाणी पुन्हा करा. भ्रूण किंवा शुक्रजंतू गोठवलेले असतील तर किती, कोणत्या दिवसाचे, कोणत्या स्ट्रॉत आणि कोणाच्या नावाने, याची सही-शिक्क्याची यादी घ्या. दुसरीकडे न्यायची वेळ आली तर नवीन केंद्र आधी तीच यादी मागतं.