सीआयसीएस की आयएमएस: घरून काम करणाऱ्या कोबोलवाल्यासाठी

कोबोल ही प्रोग्रामिंग भाषा येतेय, डीबी२ हा डेटाबेस येतोय, आणि समोर दोन प्रोजेक्ट आहेत: एक सीआयसीएसचं, एक आयएमएसचं. ही दोन्ही आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, ट्रान्झॅक्शन (स्क्रीनवरून आलेली एकेक विनंती) चालवणारी सॉफ्टवेअर. चिपळूणच्या एका ओळखीच्या मुलाने मागच्या आठवड्यात हेच विचारलं आणि फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. मी आधी चार वर्षं आयएमएस केलं, आता सीआयसीएस करतोय. दोन्ही रत्नागिरीच्या घरी, पडवीत टेबल टाकून.

सीआयसीएसमध्ये प्रोग्राम थेट स्क्रीनशी बोलतो. रिसीव्ह मॅपने भरलेली स्क्रीन घ्यायची, सेंड मॅपने उत्तराची पाठवायची, मग ट्रान्सआयडी (पुढच्या ट्रान्झॅक्शनचं नाव) आणि कॉमएरिया (पुढच्या फेरीसाठी जपलेला डेटा) देऊन रिटर्न. आयएमएसमध्ये मेसेज क्यूत, म्हणजे रांगेत, येऊन पडलेला असतो. आयओ पीसीबीवर (प्रोग्रामला मेसेज देण्या-घेण्याचा दुवा) जीयू कॉल करून तो उचलायचा, आयएसआरटीने उत्तर टाकायचं, पुन्हा जीयू करायचा, आणि स्टेटस क्यूसी (आता मेसेज उरले नाहीत) आला की बाहेर पडायचं.

या ‘पुन्हा जीयू’ने मला सुरुवातीलाच फटका दिला. एकदा सुरू झालेला प्रोग्राम ओळीने अनेक मेसेज संपवतो आणि वर्किंग-स्टोरेज (प्रोग्रामच्या व्हेरिएबलची जागा) मात्र तेच राहतं. माझ्या प्रोग्राममध्ये ज्या ग्राहकाच्या पत्त्याची दुसरी ओळ रिकामी होती, त्याच्या स्क्रीनवर आधीच्या ग्राहकाची ओळ आली. मी टेस्ट करताना एकेकच मेसेज पाठवत होतो, म्हणून ते कधी दिसलंच नव्हतं. दुसरी चूक एलएलची, म्हणजे मेसेजच्या सुरुवातीला द्यायच्या लांबीची. ८० बाइटचा डेटा पाठवताना एलएलमध्ये ८४ टाकावं लागतं, कारण एलएल आणि त्यामागच्या झेडझेड या फील्डचे मिळून चार बाइट त्यातच मोजतात. मी ८० टाकलं आणि शेवटची चार अक्षरं कापली गेली.

सीआयसीएसमध्ये प्रत्येक टास्कला (ट्रान्झॅक्शनच्या एकेका फेरीला) वर्किंग-स्टोरेज कोरं मिळतं. पण दोन एंटरच्या मध्ये प्रोग्राम जिवंत नसतो, त्यामुळे लक्षात ठेवायचं ते सगळं कॉमएरियात भरायचं आणि आत येताच ईआयबीसीएएलईएन (आलेल्या कॉमएरियाची लांबी) शून्य आहे का, म्हणजे ही पहिलीच फेरी आहे का, ते बघायचं. कॉमएरिया जेमतेम ३२ केबीची. २००५ च्या ३.१ आवृत्तीपासून चॅनल-कंटेनर (ही मर्यादा नसलेली डेटा पाठवायची सोय) आल्यावर ती अडचण उरली नाही. हे महिनाभरात अंगवळणी पडतं.

आयएमएसच्या बाजूने एक गोष्ट मनापासून सांगतो. जूनमधली संध्याकाळ होती. एंटर दाबलं आणि त्याच वेळी समोरच्या माडाची झावळी तारेवर पडून नेट गेलं. अर्ध्या तासाने मोबाइलच्या नेटवरून त्याच लॉजिकल टर्मिनलवर (आयएमएसने टर्मिनलला दिलेल्या नावावर) परत आलो तर उत्तर क्यूत माझी वाट बघत होतं. सीआयसीएसमध्ये असं झालं की बहुतेक वेळा कॉमएरिया गेलेली असते, आणि अपडेट झालं की नाही ते रेकॉर्ड उघडूनच बघावं लागतं. कोकणातल्या पावसात हा फरक छोटा नाही.

तरीही मी सीआयसीएसकडे आलो, ते एकाच त्रासामुळे. आयएमएसमध्ये प्रोग्राम अबेंड झाला, म्हणजे मध्येच कोसळला, की साधारणपणे ट्रान्झॅक्शन आणि प्रोग्राम दोन्ही स्टॉप होतात. स्क्रीनवर डीएफएस५५५आय हा अबेंडचा संदेश येतो आणि स्टार्ट कमांड दिल्याशिवाय पुढे काही हलत नाही. आमच्याकडे ती कमांड द्यायचा अधिकार डेव्हलपरला नव्हता. न्यूमेरिक फील्डमध्ये स्पेस गेली, एस०सी७ हा अबेंड आला, की तिकीट टाकायचं आणि परदेशातल्या टीमची सकाळ व्हायची वाट बघायची. चूक पाच मिनिटांत दुरुस्त व्हायची, पण ती बरोबर झाली का ते कळायला दिवेलागण उलटून जायची. एकदा तर अख्ख्या आठवड्यात माझ्या जेमतेम सहा-सात टेस्ट झाल्या. प्रॉडक्शनमध्ये बिघडलेला प्रोग्राम थांबवणं शहाणपणाचंच आहे, आणि हा दोष आयएमएसचा की तिथल्या पद्धतीचा, हे मी ठामपणे सांगणार नाही. पण दिवस माझे गेले.

सीआयसीएसमध्ये तोच एस०सी७ एएसआरए या अबेंड कोडने येतो. ट्रान्झॅक्शन चालूच राहतं. सीईडीएफ हे डीबगिंगचं साधन लावून एकेका कमांडच्या आधी आणि नंतर काय घडलं ते बघायचं, कंपाइल करायचं, सीईएमटी कमांडने न्यूकॉपी द्यायची (नवा प्रोग्राम चढवायचा) आणि पुन्हा एंटर. हे अधिकार टेस्ट रिजनमध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या सिस्टिममध्ये, मला पहिल्या दिवसापासून मिळाले. शिकणाऱ्याला एका दुपारी वीस वेळा चुकता आलं पाहिजे, आणि ते मला इथेच जमलं.

बँकेचं किंवा विम्याचं जुनं, भरभक्कम काम असेल आणि सोबत हाताशी कोणी जाणतं असेल, तर आयएमएस वाईट नाही. क्यूची शिस्त त्यातच नीट कळते. एकट्याने घरून शिकायचं असेल तर मला सीआयसीएस बरं वाटतं. होकार कळवण्याआधी प्रोजेक्टवाल्यांना एवढं मात्र विचारा: टेस्ट रिजनमध्ये ट्रान्झॅक्शन स्टॉप झालं तर स्टार्ट कोण करतं, आणि तो माणूस आपल्या दुपारी जागा असतो का.