कुत्रा असलेल्या घरात तयार खुराडे: एक अभिप्राय

चिपळूणजवळच्या आमच्या घरी काही गिरिराज या सुधारित जातीच्या आणि काही गावठी कोंबड्या आहेत. शिवाय आई, पत्नी, शाळकरी मुलगी आणि मोती नावाचा गावठी कुत्रा अशी माणसा-प्राण्यांची वर्दळ परसात सतत असते. या सगळ्यांना एकत्र नांदता यावे म्हणून आम्ही लोखंडी चौकटीचे तयार खुराडे मागवले आणि पूर्ण पावसाळा काढल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे. खुराडे बनवणाऱ्याला कोंबड्यांच्या सवयी चांगल्या ठाऊक आहेत. मात्र त्याच परसात कुत्राही असू शकतो, हे त्याच्या गावीही नाही.

आधी चांगले सांगतो. खुराडे चार फूट लांब, तीन फूट रुंद असून फूटभर उंचीच्या पायांवर उभे आहे. तळाला जाळी आणि तिच्याखाली सरकता ट्रे आहे, त्यात भाताचे तूस पसरले की विष्ठा थेट तुसावर पडते आणि कोंबड्यांच्या पायांशी राहत नाही. कोकणातल्या दमट हवेत याचे महत्त्व फार आहे, कारण ओलसर, घाण झालेल्या तुसावर वावरणाऱ्या पिल्लांना रक्ती हगवण लवकर गाठते. उतरत्या पत्र्याची वळचण चांगली पुढे काढलेली असल्याने आडव्या सरींतही आतला भाग कोरडा राहिला. ट्रेमधले तूस आम्ही खतखड्ड्यात टाकतो. चांगले कुजल्यावर ते माडांना घालतो. सोबतच्या पत्रकात मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरील लसीकरणाची माहिती, म्हणजे पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी या लसी, स्पष्ट मराठीत दिली आहे, याचेही कौतुक केले पाहिजे.

खुराडे ‘सहा कोंबड्यांसाठी’ आहे हा उत्पादकाचा दावा मात्र गावठी कोंबड्यांपुरताच खरा आहे. बेंगळुरूला विकसित झालेली गिरिराज कोंबडी वजनाने गावठीच्या जवळपास दुप्पट भरते, त्यामुळे अशा चार कोंबड्या आत गेल्या की पाचवीला बसायच्या दांडीवर जागा उरत नाही आणि संध्याकाळी टोचाटोची सुरू होते.

आता कुत्र्याविषयी. अंडी घालण्याच्या खणांना बाहेरून उघडणारे झाकण आहे, पण त्याला कडी नाही. मोतीने ही उणीव आमच्या आधी हेरली. तो झाकण नाकाने वर करतो, डोके आत घालतो, अंडे न फोडता अलगद दातांत धरून आंब्याखाली नेतो आणि तिथे निवांत बसून फोडून चाटतो. कोंबड्यांच्या अंगावर तो कधी गेला नाही, कारण मुलीने त्याला सुरुवातीपासून साखळीला धरून खुराड्यासमोर बसवण्याची सवय लावली होती; अंड्यांबाबत मात्र कोणताही धाक त्याला पुरत नाही. ट्रेची गोष्टही तशीच आहे. तो बरोबर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर सरकतो आणि त्यालाही अडसर नाही. कोंबड्यांची विष्ठा खाण्याची खोड अनेक कुत्र्यांना असते, आणि तीतून कुत्र्याचे पोट बिघडण्याचा धोका असतो, हे उत्पादकाला माहीत असायला हरकत नव्हती.

सर्वांत गंभीर आक्षेप जाळीबद्दल आहे. बाजूंना पातळ तारेची षटकोनी जाळी लावली आहे. अशी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. मोतीने पुढचे पाय टेकवले तेवढ्याने ती आत दबली, मग रात्री फिरणाऱ्या उदमांजराचे किंवा दाराखालच्या दोन बोटांच्या फटीतून डोके घालू पाहणाऱ्या मुंगसाचे काय सांगावे? रात्री मोती खुराड्याशेजारी झोपतो म्हणून निभावले, हे खुराड्याचे श्रेय नव्हे. अशा ठिकाणी अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी हवी.

विक्रेत्याचे वागणे सौजन्याचे होते. फोन केल्यावर त्याने झाकणासाठी दोन कड्या विनामूल्य पाठवल्या, त्या स्क्रूने बसवल्यावर मोतीची चैन बंद झाली. जाळी बदलून हवी असल्यास आठशे रुपये जास्त पडतील, असे तो म्हणाला. पत्रकावर ‘पाळीव प्राण्यांपासून सुरक्षित’ असे छापलेले असताना त्याच सुरक्षिततेसाठी वेगळे पैसे मागणे मला पटले नाही, म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाळी बदलून आणि दाराखाली पट्टी ठोकून घेतली. त्याने त्याहून कमी पैशांत काम केले.

घरात कुत्रा नसेल आणि कोंबड्या गावठी असतील तर हे खुराडे घ्यायला हरकत नाही. कुत्रा असेल तर मागणी नोंदवतानाच जाड जाळी, झाकणाला कडी आणि ट्रेला अडसर या तिन्ही गोष्टी किमतीतच मागून घ्याव्यात. खुडूक कोंबडीसाठी मात्र यात वेगळी सोय नाही, त्यामुळे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला आई अजूनही पडवीतल्या जुन्या डालग्याखालीच ठेवते आणि एकवीस दिवस मोतीला पडवीत येऊ देत नाही.