उभा की आडवा? दवाखान्यासाठी ऑटोक्लेव्ह घेताना

दातांचा दवाखाना काढायला निघालेले दोघे-तिघे ज्युनिअर हाच प्रश्न घेऊन आले, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. कुकरच्या घाटाचा साधा उभा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) घ्यावा, की व्हॅक्यूमवाला आडवा 'बी क्लास'? मी सात वर्षं उभा वापरला, आता पाच वर्षं आडवा आहे.

उभ्याला नावं ठेवणार नाही. आडव्याच्या मानाने तो किरकोळ पैशात येतो आणि त्यात बिघडण्यासारखं असतं काय? गॅस्केट, कॉइल, सेफ्टी व्हॉल्व्ह. आमच्या तालुक्याच्या गावात कॉइल बदलून द्यायला मोटर रिवाइंडिंगवालाही पुरतो. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५-२० मिनिटं. फोर्सेप्स, मिरर सुटे टाकले तर काम चोख. पथ्य एकच, वाफेची सलग धार लागेपर्यंत कॉक बंद करायचा नाही. आत हवा अडकली तर काटा १५ दाखवतो, पण तापमान १२१ ला पोचलेलं नसतं. पेशंटची रांग असली की हे पथ्य किती पाळलं जातं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

मला छळलं ते ओल्या पाऊचनी, म्हणजे हत्यारं सीलबंद करून टाकायच्या, एका बाजूला कागद असलेल्या पिशव्यांनी. झाकण काढलं की पाऊच चिंब. कागदाची बाजू इतकी लिबलिबीत, की प्रोबचं टोक आरपार. मग आमच्या मावशी टेबलावर वर्तमानपत्र पसरून पंख्याखाली पाऊच वाळत घालायच्या, पापडासारखे. वाफ लागली की रंग बदलणारी इंडिकेटरची पट्टी काळी झालेली असायची, म्हणून मीही गप्प. पण ओल्या कागदातून जंतू आत जातात हे कॉलेजात शिकलोच होतो की! एका पावसाळ्यात बंद पाऊचमधल्या स्केलरवर गंजाचा ठिपका दिसला आणि त्याच आठवड्यात मी कोटेशनं मागवली.

आडव्यात पंप आधी हवा ओढून घेतो, तीन-तीनदा, त्यामुळे वाफ एअरोटरच्या (दात कोरायच्या ड्रिलच्या) बारीक नळ्यांतही शिरते. शेवटी पुन्हा व्हॅक्यूम करून वाळवतो. पाऊच हातात येतो तो कोरडा, खडखडीत. त्या खडखडीसाठीच मी पैसे मोजले म्हणा ना.

नखरे आहेतच. पाणी डिस्टिल्डच लागतं. मिनरल वॉटरचा जार ओतलात तर क्षार साचून मशीन रुसतं. १३४ अंशांवर चारच मिनिटं लागतात खरी, पण व्हॅक्यूम आणि वाळवणं धरून माझी एक सायकल पाऊण तास खाते, तेव्हा एअरोटर दोन-तीन जास्तीचे ठेवा. साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. स्पोअर टेस्ट (चिवट बीजाणू आत ठेवून ते मरतात का हे बघणं) मात्र दोन्हींना करावीच लागते, त्यातून सुटका नाही.

टॅटूवाल्या मित्रांचं वेगळं. सुया-कार्ट्रिज, ग्रिप सगळं एकदा वापरून फेकत असाल, तर दोन्हींची फारशी गरज नसावी. स्टीलच्या ग्रिप धुऊन परत वापरणार असाल, तर त्याही एअरोटरसारख्या पोकळ नळ्याच असतात, म्हणजे आडवाच बरा, एवढं लक्षात ठेवा.

पेशंट अगदी कमी असतील तर उभ्यावर सुरुवात करायला हरकत नाही. माझा जुना उभा अजून ओट्याखाली आहे. गेल्या वर्षी आडव्याच्या दाराचा सेन्सर गेला आणि टेक्निशियन पुण्याहून यायला चार दिवस लागले, तेव्हा तोच काढला. दुसऱ्याच दिवशी मावशी वर्तमानपत्र पसरता पसरता म्हणाल्या, "डॉक्टर, त्या माणसाला परत एक फोन लावा की."