चिठ्ठीतून निघालेले ॲडमिन: सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ९ महिन्यांचा अनुभव

आधी गुण सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

धायरीतली आमची सोसायटी चार विंगची, १३२ फ्लॅटची. त्यातले पन्नासेक भाड्याने दिलेले. खडकवासला धरण रविवारी संध्याकाळी भजी खायला जाण्याइतकं जवळ, आणि तरी एप्रिल लागला की गेटवर टँकर. गेल्या मे महिन्यात बी विंगमधल्या एका भाडेकरू मुलाने वॉचमनच्या वहीतल्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्या आठवड्यात वहीत टँकरच्या नऊ नोंदी होत्या, नोटीस बोर्डावरच्या हिशेबात बारा. खाली एवढंच लिहिलं होतं, "तीन कुठे गेले?" दहा मिनिटांत फोटो गायब. त्या जागी ओळ आली, की हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला. ॲडमिन म्हणजे आमचे सेक्रेटरीसाहेब. पाठोपाठ त्यांचा मेसेज: "भाडेकरूंनी ग्रुपवर हिशेब मागू नयेत. मालकांमार्फत बोलावे." आणि लगेच ग्रुप 'फक्त ॲडमिन' झाला.

गंमत अशी, की चोरी झालीच नव्हती. ते तीन टँकर मागच्या गेटने आले होते आणि तिथे वहीच नव्हती. पावत्या मात्र होत्या. फोटो तसाच राहू देऊन खाली पावत्या टाकल्या असत्या तर अर्ध्या तासात विषय मिटला असता. एकदा डिलीट केल्यावर पावत्या कुणाला पटणार? पुढचे दोन महिने लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, दुधाच्या पिशव्या उचलताना एकच चर्चा. ज्यांनी फोटो पाहिलासुद्धा नव्हता, त्यांनी गायब टँकरचा आकडा वीसवर नेऊन ठेवला.

जुलैत विशेष सभा लागली. कोरमअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरली, हे पुणेकरांना सांगायला नको. तिथे पाच जणांना नियमावली लिहायला बसवलं, त्यात मी. सेक्रेटरीसाहेबांचं म्हणणं होतं की सोसायटी चालवते कमिटी, तर ग्रुपही कमिटीनेच चालवावा. ऐकायला रास्त वाटतं. पण ग्रुपवर सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या कमिटीच्याच कामाबद्दल. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात खोडरबर. कुंपणानेच शेत खायचं म्हटलं तर राखण कोण करणार?

शेताचं नाव निघालं म्हणून सांगतो. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथली फडपद्धत शेकडो वर्षांची. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, पण कुणी शेतकरी स्वतः उठून आपल्या वावरात पाणी वळवत नाही. ते काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्याची. दोघांना नेमतात शेतकरीच, त्यामुळे पाटकऱ्याने कुणाला झुकतं माप दिलं की त्याला जाब विचारणारेही तेच. अशा सामायिक पाण्याचा आणि जंगलांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नियम ज्यांना पाळायचे आहेत त्यांचा नियम बनवण्यात हात असावा, पहारेकरी त्यांना बांधील असावा, शिक्षा पायरीपायरीने चढावी, असं त्यांच्या अभ्यासातून निघालं. आमच्या कागदाचा सांगाडा तोच. नोबेलचं कुणाला सांगितलं नाही, आजोबांच्या नावावर खपवलं. सभेत ते जास्त चाललं.

कागद तयार झाला आणि अडलं तिसरीकडेच. जुना ग्रुप ज्यांनी सुरू केला ते गृहस्थ फ्लॅट विकून नाशिकला जाऊन चार वर्षं झाली होती, पण ॲडमिन होतेच. व्हॉट्सॲपवर ग्रुप बनवणाऱ्याला दुसरा कोणताही ॲडमिन काढू शकत नाही. तो स्वतःहून बाहेर पडेपर्यंत ॲडमिनच राहतो. म्हणजे आपण सभेत काहीही ठराव करा, सॉफ्टवेअरने आधीच ठरवून ठेवलंय की ज्याने पहिल्या दिवशी बटण दाबलं तो राजा. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी सोसायटीच्या ऑफिसच्या फोनवरून नवा पसारा मांडला. त्या नंबरवरून कुणी मतं मांडायची नाहीत, हा नियम क्रमांक एक. तुमच्याकडे नवा ग्रुप काढायचा असेल तर एवढं एक जरूर करा, बाकीचं नाही केलंत तरी चालेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेली व्हॉट्सॲपची कम्युनिटीची सोय, म्हणजे एका छताखाली अनेक ग्रुप, इथे कामाला आली. 'सूचना' वेगळं, 'चर्चा' वेगळी. सूचनांत फक्त ॲडमिन लिहितात: पाणी बंद, लिफ्टची दुरुस्ती, सभेची नोटीस. शिक्षा म्हणून कुणाला चर्चेतून काढलं तरी तो सूचनांत राहतो, त्यामुळे टाकी धुवायच्या दिवशी त्याच्याही घरात बादल्या भरलेल्या असतात. चर्चेत एकट्या माणसाला चार दिवस गप्प बसवायचं बटण काही आम्हाला सापडलं नाही. एक तर त्याला काढा, नाहीतर सगळ्यांचीच तोंडं बंद करा. म्हणून आमच्या पायऱ्या अशा: पहिल्यांदा खासगीत मेसेज, दुसऱ्यांदा ग्रुपवर समज, तिसऱ्यांदा सात दिवस बाहेर.

ॲडमिन प्रत्येक विंगमधून एक, तीन महिन्यांसाठी, चिठ्ठी टाकून. कमिटी सदस्याची चिठ्ठी डब्यात पडत नाही, भाडेकरूची पडते. निवडणूक का नाही? कारण निवडणुकीला तेच उभे राहतात ज्यांना ॲडमिन व्हायची हौस आहे, आणि ही हौस असणं हीच खरी अपात्रता. (हे माझं मत. पाचात तीन विरुद्ध दोन असं मंजूर झालं.) घाबरणारेही होते. कुणी काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस ॲडमिनला धरतील, अशी एक आवई होती. डी विंगमधल्या वकीलकाकांनी ती उतरवली: गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय, की समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट असल्याशिवाय सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्या वेळी ॲडमिनच्या हातात माणसं घेण्या-काढण्यापलीकडे फारसं काही नव्हतं, दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय २०२२ ची, हेही काकांनीच जाता जाता सांगितलं. व्हॉट्सॲप कंपनीकडेच तक्रार करायची, असंही एकजण म्हणाला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांनी अशा मोठ्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावलेत खरे, पण आमच्या मागच्या गेटला वही नव्हती हे त्यांना कोण सांगणार?

आता वही. हा सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत चांगला भाग, आणि कल्पना ए विंगमधल्या एका ताईंची. त्या मराठी विकिपीडियावर लिहितात. तिथे लेख वगळणाऱ्याला प्रचालक म्हणतात आणि त्याने काय, कधी, का वगळलं याची नोंद कुणालाही पाहता येते. वाद घालायला चावडी आहे, नावच चावडी. ताई म्हणाल्या, आपणही डिलीट करा, पण लिहून ठेवा. म्हणून ऑफिसच्या टेबलावर एक दोनशे पानी वही आहे. तारीख, मेसेज काय होता, कोणता नियम मोडला, ॲडमिनची सही. अपील तीन जणांकडे: एक मालक, एक भाडेकरू आणि सी विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका.

नोंद सातवी पाहा. भटक्या कुत्र्यांना पार्किंगमध्ये खाऊ घालण्यावरून भांडण. एका आजोबांनी लिहिलं, "माझ्या नातवाच्या मागे कुत्रं लागलं, जबाबदार कोण?" हा मेसेज बी विंगच्या ॲडमिनबाईंनी 'वैयक्तिक टीका' म्हणून काढला. कुत्र्यांना रोज पोळ्या घालणाऱ्या त्याच. आपला तो बाब्या! आजोबांनी अपील केलं. बाईंनीही नोंद प्रामाणिकपणे लिहिली होती, मेसेज शब्द न् शब्द उतरवून. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन दिवसांत लाल पेनाने खाली शेरा मारला: "यात कोणाचेही नाव नाही. मेसेज पुन्हा टाकावा. ज्या विषयात आपण स्वतः आहोत तिथे दुसऱ्या विंगच्या ॲडमिनला हाक मारावी." शेवटचं वाक्य आता नियम क्रमांक अकरा आहे. कुत्री अजून आहेत.

नऊ महिन्यांत वहीत ३१ नोंदी, सात अपिलं, त्यातली तीन मान्य. एकाच माणसाला बाहेर काढावं लागलं, निवडणुकीच्या दिवसांत. सात दिवसांनी तो परत आला आणि पहिला मेसेज टाकला, "कसे आहात सगळे?" सुप्रभातचे फुलांचे फोटो मात्र कोणत्याही नियमाला दाद देत नाहीत. त्यावर आम्ही वेळ घालवणं सोडलं.

अर्धा गुण कापला तो चिठ्ठीमुळे. डिसेंबरच्या फेरीत डी विंगमधून ज्यांचं नाव निघालं, ते रात्रपाळीचे. दिवसभर झोपलेले, रात्री बाराला उठून सकाळच्या भांडणावर समज द्यायचे. तोवर भांडणारे एकमेकांकडे चहा पिऊन आलेले असायचे. आता प्रत्येक विंगमधून एक राखीव नावही काढतो.

पूर्ण एक गुण कापला तो आमच्या कागदासाठी. भाडेकरू ॲडमिन होऊ शकतो, अपिलाला बसू शकतो, पण नियम मंजूर होतात सर्वसाधारण सभेत आणि तिथे त्याला मत नाही. सोसायटीच्या कारभारात ते कायद्याने ठीकच, भाडेकरू सभासद नसतो. पण ग्रुप म्हणजे काही सोसायटीच्या नावावर जमीन करून देणारं कन्व्हेयन्स डीड नव्हे. पन्नास घरं जे नियम पाळतात ते ठरवताना त्यांना बाहेर बसवायचं, आणि वर आजोबांच्या फडाच्या गोष्टी सांगायच्या, हे मलाच खटकतं. सप्टेंबरच्या सभेसाठी मी ठराव दिलाय: ग्रुपचे नियम सभेतून वेगळे काढावेत आणि दर घराला एक मत द्यावं, मालक राहो की भाडेकरू. सेक्रेटरीसाहेब अजून त्यावर बोललेले नाहीत.

फोटो टाकणारा मुलगा मार्चमध्ये गेला. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडं वाढवलं, तो वाकडला राहायला गेला. टँकर या महिन्यात पुन्हा सुरू झालेत. मागच्या गेटलाही आता वही आहे, आणि रात्री दहाला ऑफिसच्या फोनवरून दोन्ही वह्यांच्या पानांचे फोटो 'सूचना'वर येतात. काल सहा आले. पाच पुढून, एक मागून.