पुण्याहून मुरूड-जंजिरा : एका दिवसाची सहल

पुण्यातील एका सहल कंपनीबरोबर ताम्हिणी घाटमार्गे केलेल्या या सहलीत बस वेळेवर सुटली, न्याहारीचे पोहे मात्र गारढोण होते. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने निघाल्यावर जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि होडी लाटेवर वरखाली होत असताना नेमका क्षण साधून पायरीवर पाऊल टाकावे लागते; तिथे नावाड्यांनी ज्येष्ठांना दंडाला धरून ज्या सफाईने उतरवले, त्याला दाद द्यायलाच हवी. पंजांत हत्ती पकडलेल्या श्वापदाचे शिल्प, कलालबांगडी तोफ आणि चहूबाजूंनी समुद्र असूनही गोड्या पाण्याचा तलाव, एवढ्यासाठी मिळालेला पाऊण तास फारच तोकडा पडला. पद्मदुर्ग तर दुरूनच पाहिला. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा नोंदणी हिवाळ्यातलीच करावी.