आर्डुइनो उनो आर3: इंटरप्टच्या कामाला कितपत पुरतो?

एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते पल्सने सांगणारा सेन्सर) किंवा फ्लो सेन्सर (प्रवाह मोजणारा) जोडला आणि मोजणी चुकायला लागली, की लोक उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला नावं ठेवतात. आमच्या मते दोष बऱ्याचदा स्केचमध्ये (बोर्डवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) आणि वायरिंगमध्ये असतो. सेकंदाला वीस-पंचवीस हजार पल्सपर्यंत हा बोर्ड नीट काम करतो. मात्र त्याची मर्यादा कुठे आहे ते घेण्याआधी कळायला हवं.

आतली एटीमेगा328पी चिप 16 मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एक सायकल 62.5 नॅनोसेकंदांची. पिनवर एज आली, म्हणजे सिग्नल चढला किंवा उतरला, की इंटरप्ट येतो (चालू काम थांबवून आधी याकडे बघ, असा इशारा). चिप हातातली इन्स्ट्रक्शन संपवते, परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवते, बाकीचे इंटरप्ट बंद करते आणि व्हेक्टरवर (त्या इंटरप्टच्या ठरलेल्या पत्त्यावर) उडी मारते. याला किमान 4 सायकल, पुढच्या जंपला आणखी 3. अर्धा मायक्रोसेकंदही लागत नाही. वेळ खातं ते ‘अटॅचइंटरप्ट’, म्हणजे इंटरप्टला तुमचं फंक्शन जोडणारी आर्डुइनोची सोय. ते तुमचं फंक्शन पॉइंटरमधून बोलावतं, त्यामुळे कंपायलरला पंधराएक रजिस्टर आधी स्टॅकवर ठेवावे लागतात आणि नंतर परत काढावे लागतात. दोन्ही मिळून साठ सायकल, म्हणजे जवळपास पावणेचार मायक्रोसेकंद, तुमची पहिली ओळ धरायच्या आधीच हिशेबात जमा.

बाजारात सहज मिळणारा 600 पल्सचा एन्कोडर घ्या. दोन्ही चॅनेलच्या सगळ्या एज मोजल्या तर एका फेरीला 2400 इंटरप्ट. 600 आरपीएमला सेकंदाला 24,000, म्हणजे प्रत्येकी साधारण 667 सायकल मिळतात. आरामात जमतं. तोच शाफ्ट 3000 आरपीएमला नेला की 133 सायकल उरतात. त्यात अटॅचइंटरप्ट आणि दोन ‘डिजिटलरीड’ (पिनची स्थिती वाचणारं फंक्शन) मावत नाहीत. आयएसआर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) थेट इंट0 (डी2 पिनच्या) व्हेक्टरवर लिहा आणि पिनची स्थिती दाखवणारं पीआयएनडी (PIND) रजिस्टर एकदाच वाचा. तरीही मुख्य लूपला फारसं काही उरत नाही.

खरी अडचण प्राधान्याची आहे. एक आयएसआर चालू असताना दुसरा ताटकळतो, आणि प्रत्येक इंटरप्टचा फ्लॅग एकाच बिटाचा असतो. थांबलेल्या वेळात त्याच पिनवर दोन पल्स आले तर एकच नोंदला जातो. ‘मिलिस’चा (मिलिसेकंद मोजणाऱ्या फंक्शनचा) टायमर इंटरप्ट दर 1024 मायक्रोसेकंदांनी येतो, तो छोटा असतो, चालतो. पण डब्ल्यूएस2812च्या एलईडी पट्टीला डेटा पाठवताना लायब्ररी सगळे इंटरप्ट बंद ठेवते. एका एलईडीला 30 मायक्रोसेकंद, म्हणजे 60 एलईडींना 1.8 मिलिसेकंद. तेवढ्यात मिलिसही मागे पडतो आणि एन्कोडरचे पल्स बुडतात. या दोन गोष्टी एकाच उनोवर नकोत.

स्वतंत्र इंटरप्ट पिन दोनच: डी2 आणि डी3. बाकी पिन तीन गटांत पिनचेंज इंटरप्ट देतात, पण गटातली कुठली पिन बदलली ते आधीच्या स्थितीशी ताडून तुम्हीच शोधायचं. सोबत सॉफ्टवेअरसिरीअल (साध्या पिनवर सिरीअल संवाद करणारी लायब्ररी) वापरलं तर व्हेक्टर 3 (पहिल्या गटाचा) दोनदा लिहिल्याची लिंकर एरर (प्रोग्रामचे भाग जोडताना येणारी चूक) हमखास येते, कारण ती लायब्ररी तिन्ही गट स्वतःकडे घेते.

स्केचमधली सर्वांत फसवी चूक वाचनाची. काउंटरला ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतूनच वाच, ही कंपायलरला सूचना) लावलं म्हणजे झालं, असं नाही. चिप 8 बिटांची आहे, दोन बाइटचा काउंटर ती एकेक बाइट करून वाचते. काउंटर 255 असताना लूपने खालचा बाइट (255) उचलला, तेवढ्यात इंटरप्टने तो 256 केला, आणि मग वरचा बाइट (1) उचलला, तर हाती येतात 511. हे कधीतरीच घडतं, म्हणून सापडत नाही. वाचण्याआधी इंटरप्ट बंद करा, प्रत घ्या, लगेच चालू करा. किंवा अ‍ॅटॉमिक ब्लॉक वापरा, तो हेच आपोआप करतो. आयएसआरमध्ये सिरीअल प्रिंट नकोच: 9600 बॉडला एका अक्षरालाच एक मिलिसेकंद जातो.

वायरिंगकडेही बघा. ओपन कलेक्टर (सिग्नल फक्त खाली ओढणाऱ्या) एन्कोडरला चिपमधला पुलअप (सिग्नल वर ओढणारा रेझिस्टर, 20 ते 50 किलोओहम) लांब केबलवर फार कमजोर पडतो, एज सावकाश चढते. बाहेरून 4.7 किलोओहम 5 व्होल्टला लावा. एन्कोडर 24 व्होल्टवर चालत असला तरी पुलअप 5 व्होल्टलाच. आयसोलेशन (दोन्ही सर्किट विजेने वेगळी ठेवणं) हवं असेल तर पीसी817 हा ऑप्टोकपलर या वेगाला मंद आहे, 6एन137 घ्या. साध्या पुशबटणाला मात्र इंटरप्ट देऊ नका; त्याचे कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबात अनेक इंटरप्ट येतात. ते लूपमध्येच तपासावं.

एकाच दिशेचे पल्स मोजायचे असतील तर डी5वर द्या. ती टायमर1ची बाहेरची क्लॉक पिन आहे; मोजणी हार्डवेअरमध्ये होते, इंटरप्ट लागतो तो 65,536 पल्सनंतर एकदा. वेगवान एन्कोडरला एसटीएम32एफ103 हा मायक्रोकंट्रोलर बरा: त्याच्या टायमरला एन्कोडर मोड आहे आणि इंटरप्टना प्राधान्याच्या 16 पातळ्या. त्याचं लॉजिक 3.3 व्होल्टचं, एवढं लक्षात ठेवा. शिकायला आणि मध्यम वेगाच्या कामाला उनोच घ्या, पण सॉकेटमध्ये बसवलेल्या 28 पायांच्या चिपचा. इंटरप्ट पिनवर चुकून 24 व्होल्ट गेले तर बहुधा नुसती चिप बदलून भागतं. नवी घेताना तिच्यात बूटलोडर (यूएसबीवरून स्केच चढवू देणारा छोटा प्रोग्राम) आहे ना, ते विचारून घ्या.